प्रोस्टेट कर्करोगाची आक्रमकता आणि शस्त्रक्रियेपूर्वीचा एमआरआय : एक आढावा

प्रोस्टेट ग्रंथीत कर्करोग सापडला की लगेच दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे हा रोग किती आक्रमक आहे. मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असलेल्या या अक्रोडाएवढ्या ग्रंथीत उतारवयात कर्कपेशी आढळणे इतके सामान्य आहे, की अन्य कारणांनी मरण पावलेल्या वृद्धांच्या शवविच्छेदनातही त्या वारंवार दिसतात. उलट काही रुग्णांत हाच रोग लसिकाग्रंथींत आणि हाडांत पसरून काही वर्षांत जीव घेतो. ब्रिटनमधील ‘प्रोटेक्ट’ चाचणीत ग्रंथीपुरता मर्यादित रोग असलेल्या १,६४३ पुरुषांची शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि नियमित देखरेख अशा तीन गटांत यादृच्छिक विभागणी करण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पंधरा वर्षांच्या निष्कर्षांनुसार, तिन्ही गट मिळून प्रोस्टेट कर्करोगाने मृत्यू आलेल्यांचे प्रमाण अवघे २.७ टक्के होते आणि त्याबाबत गटागटांत लक्षणीय फरक नव्हता. शस्त्रक्रियेची किंमत मात्र प्रत्येकाला मोजावी लागू शकते, कारण ग्रंथी काढल्यावर लघवीवरचा ताबा सुटणे आणि लिंगाचा ताठरपणा जाणे हे परिणाम क्वचित घडणारे नाहीत. म्हणूनच कोणाची ग्रंथी काढावी, कोणाला नुसते देखरेखीखाली ठेवावे आणि काढायचीच असेल तर भोवतालच्या कोणत्या रचना वाचवाव्यात, हे शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचण्याआधी ठरवावे लागते. या निर्णयात एमआरआयने गेल्या दोन दशकांत जी जागा मिळवली, ती कितपत रास्त आहे, याचा विचार येथे केला आहे.

एमआरआयच्या आधीच्या काळात हे उत्तर तीन साधनांवर बेतलेले असे: गुदमार्गातून बोटाने केलेली तपासणी, रक्तातील पीएसए या प्रथिनाची पातळी आणि सुईने काढलेल्या ऊतींच्या तुकड्यांची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, म्हणजे बायोप्सी. पीएसए हे प्रथिन निरोगी प्रोस्टेट पेशीही तयार करतात, त्यामुळे वयोमानाने वाढलेली साधी ग्रंथी किंवा जंतुसंसर्ग यांनीही ही पातळी चढते, आणि केवळ तिच्यावरून आक्रमकतेचा अदमास बांधणे धोक्याचे ठरते. खऱ्या अर्थाने मापदंड ठरली ती अमेरिकेतील मिनिआपोलिसचे विकृतितज्ज्ञ डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये मांडलेली पद्धत. कर्कपेशी एकेकटी कशी दिसते याकडे फारसे लक्ष न देता त्या पेशींनी मिळून कोणती रचना उभी केली आहे, हे ग्लीसन यांनी पाहिले. ज्या ठिकाणी लहान-लहान पण सुट्या, पोकळी शाबूत असलेल्या नलिका दिसतात ती रचना ३ क्रमांकाची, जेथे नलिका एकमेकींत मिसळलेल्या, अर्धवट किंवा चाळणीसारख्या छिद्रांच्या झालेल्या असतात ती ४ क्रमांकाची, आणि जेथे नलिका उरलेलीच नसून पेशींचे थर किंवा सुट्या पेशी पसरलेल्या असतात ती ५ क्रमांकाची. ठळकपणे दिसणाऱ्या दोन रचनांच्या क्रमांकांची बेरीज म्हणजे ग्लीसन गुण. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी त्यांची पाच श्रेणींत पुनर्मांडणी केली. तीत ३+३ ही पहिली श्रेणी, ३+४ ही दुसरी, ४+३ ही तिसरी, बेरीज ८ असेल तर चौथी, आणि ९ किंवा १० असेल तर पाचवी. बेरीज सातच असताना आधी ३ येतो की ४, यावरून रुग्णाचे भवितव्य पुष्कळ बदलते. शस्त्रक्रियेने काढलेल्या १४,००० हून अधिक ग्रंथींच्या २०१२ मधील एका पाहणीत, संपूर्ण ग्रंथीत ग्लीसन ६ पेक्षा वरची रचना नसलेल्या एकाही रुग्णाच्या लसिकाग्रंथींत रोग पसरलेला आढळला नाही. ३ आणि ४ या क्रमांकांमधील सीमारेषेवर सगळा वाद का एकवटला आहे, हे या एका निरीक्षणावरून कळावे.

अडचण अशी की हा गुण ठरतो तो सुईत आलेल्या तुकड्यांवरून. सोनोग्राफीच्या मदतीने गुदमार्गातून ठरावीक दहा-बारा ठिकाणी सुई टोचण्याच्या पारंपरिक पद्धतीत डॉक्टरला ग्रंथीची बाह्यरेषा दिसते, पण गाठ बहुधा दिसत नाही. सुई जेथे जाईल तेथील ऊती मिळते. ग्रंथीच्या पुढच्या भागातील गाठी तर या मार्गाने अनेकदा निसटतात. जॉन्स हॉपकिन्स येथे झालेल्या ७,००० हून अधिक शस्त्रक्रियांच्या अभ्यासात, बायोप्सीत ग्लीसन गुण ५ किंवा ६ ठरलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३६ टक्क्यांमध्ये काढलेल्या ग्रंथीच्या तपासणीनंतर तो वर सरकला. रोग सौम्य आहे असे सांगितलेल्या दर तिघांपैकी एकाला चुकीची माहिती मिळत होती, आणि यात दोष सूक्ष्मदर्शकाचा नव्हता, नमुन्याचा होता. एमआरआयचा प्रवेश या फटीतून झाला.

एमआरआयचे यंत्र शक्तिशाली चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी उत्तेजित करते आणि ती पूर्वस्थितीत येताना मिळणाऱ्या संकेतांवरून प्रतिमा घडवते. यात क्ष-किरण नसतात. प्रोस्टेटच्या प्रतिमा १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातच घेतल्या गेल्या होत्या, पण त्या अस्पष्ट असत. १९८९ च्या सुमारास गुदमार्गात ठेवण्याजोगी संकेतग्राही कॉइल आली आणि प्रतिमा सुधारल्या, रुग्णांची गैरसोय मात्र वाढली. त्यानंतरच्या दशकात आशेचा मोठा भाग रासायनिक वर्णपटावर, म्हणजे एमआर स्पेक्ट्रोस्कोपीवर होता. निरोगी प्रोस्टेट पेशी सायट्रेट साठवतात, कर्कपेशी ते गमावतात आणि त्यांच्यात कोलीन वाढते, हे जीवरसायनशास्त्र पक्के असल्याने या दोहोंच्या प्रमाणावरून आक्रमकता थेट वाचता येईल असे अनेकांना वाटत होते, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी त्यावर चिकाटीने काम केले. परंतु २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांत झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवले की साध्या एमआरआयला स्पेक्ट्रोस्कोपीची जोड दिल्याने गाठ कोठे आहे हे ओळखण्यात काहीच भर पडत नाही. आज नेहमीच्या तपासणीतून ती बाद झाली आहे. तत्त्व सुंदर होते, दवाखान्यात मात्र ते चालले नाही, आणि या क्षेत्रातील प्रत्येक नव्या तंत्राकडे पाहताना हा इतिहास विसरणे परवडणारे नाही.

सध्याच्या पद्धतीत तीन प्रकारच्या प्रतिमा घेतल्या जातात आणि तिघींना मिळून बहुघटकी किंवा मल्टिपॅरामेट्रिक एमआरआय म्हणतात. पहिली टी-२ प्रतिमा शरीररचना दाखवते. प्रोस्टेटचा मागचा आणि बाजूचा भाग, म्हणजे परिघीय विभाग, पाण्याने भरलेल्या नलिकांमुळे तीत पांढराशुभ्र दिसतो, आणि सुमारे ७० टक्के कर्करोग याच विभागात उगम पावत असल्याने पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा काळा डाग लवकर नजरेत भरतो. मूत्रमार्गालगतचा संक्रमण विभाग मात्र उतारवयातील साध्या वाढीमुळे गाठीगाठींचा आणि काळ्यापांढऱ्या मिश्रणाचा झालेला असतो. तेथे कर्करोग ओळखणे हे अनुभवी डोळ्याचे काम. तिसऱ्या प्रकारात शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य देऊन ते गाठीत किती लवकर शिरते हे पाहतात. त्याचे महत्त्व उत्तरोत्तर घटत आहे.

आक्रमकतेच्या दृष्टीने कळीची आहे ती दुसरी प्रतिमा, विसरणाची, जिला डिफ्युजन म्हणतात. पाण्याचे रेणू ऊतींमध्ये सतत इकडून तिकडे हलत असतात. नलिकांच्या मोकळ्या पोकळीत त्यांना वाव मिळतो, दाटीने भरलेल्या पेशींच्या गर्दीत तो मिळत नाही. यंत्र या हालचालीचे मोजमाप एका आकड्यात देते. त्याला विसरणाचा भासमान गुणांक किंवा व्यवहारात एडीसी म्हणतात. तो जितका कमी, तितकी पेशींची दाटी अधिक. ग्लीसन पद्धतीशी याचे नाते येथेच जुळते. ३ क्रमांकाच्या रचनेत पोकळ्या शिल्लक असतात, ४ मध्ये त्या आक्रसतात, ५ मध्ये जवळजवळ नाहीशा होतात. म्हणजे विकृतितज्ज्ञ डोळ्यांनी जी रचना पाहतो, तिचाच एक अप्रत्यक्ष ठसा पाण्याच्या हालचालीत उमटतो. नेदरलँड्समधील नायमेगनच्या संशोधकांनी २०११ मध्ये ५१ रुग्णांच्या काढलेल्या ग्रंथींशी ताडून पाहिले, तेव्हा परिघीय विभागातील सौम्य, मध्यम आणि तीव्र श्रेणीच्या गाठींमध्ये एडीसीचे मध्यक अनुक्रमे १.३०, १.०७ आणि ०.९४ असे उतरते आढळले. एकक प्रतिसेकंद एक हजारांश चौरस मिलिमीटर. हा उतार पुढे अनेकांनी पडताळला आहे. परंतु प्रत्येक श्रेणीतील आकड्यांचा पसारा इतका रुंद आहे की शेजारच्या श्रेणी एकमेकींवर चढतात. त्यामुळे शंभर रुग्णांच्या गटाबद्दल एडीसी विश्वासाने बोलतो, समोर बसलेल्या एका रुग्णाबद्दल मात्र त्याला तसे बोलता येत नाही. शिवाय संक्रमण विभागात हे नाते आणखी सैल पडते, आणि यंत्र बदलले, चुंबकाची ताकद बदलली किंवा ज्याला बी-मूल्य म्हणतात ती तपासणीची तीव्रता बदलली की आकडाही बदलतो. एका शहरातील एडीसी दुसऱ्या शहरातील एडीसीशी थेट ताडणे म्हणूनच चुकीचे आहे.

आकड्यांच्या या अस्थिरतेवर तोडगा म्हणून पाय-रॅड्स ही गुणपद्धत आली. तिची पहिली आवृत्ती युरोपमध्ये २०१२ मध्ये, दुसरी २०१५ मध्ये आणि सुधारित २.१ ही २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. परिघीय विभागात डिफ्युजन आणि संक्रमण विभागात टी-२ या प्रतिमांना प्राधान्य देऊन प्रत्येक संशयास्पद जागेला १ ते ५ असा गुण दिला जातो. दीड सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी अथवा ग्रंथीबाहेर उघडपणे गेलेली गाठ पाचव्या पायरीवर जाते. या गुणाचा अर्थ रुग्णच नव्हे, काही वेळा डॉक्टरही चुकीचा लावतात. पाय-रॅड्स ५ म्हणजे ग्लीसन ५ नव्हे, की पाचवी श्रेणीही नव्हे. त्या जागी उपचाराची गरज पडेल असा कर्करोग असण्याची शक्यता कितपत आहे, एवढेच तो सांगतो. गुण वाढतो तसे तीव्र श्रेणीचे प्रमाणही वाढते हे खरे, पण ते ओघाने. ती पद्धत त्यासाठी घडवलेली नाही.

एमआरआयची सर्वांत भक्कम सिद्धता मिळाली ती शस्त्रक्रियेच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे बायोप्सी करावी की नाही या प्रश्नावर. ‘प्रॉमिस’ या ब्रिटिश अभ्यासात ५७६ पुरुषांची एमआरआय, पारंपरिक बायोप्सी आणि दर पाच मिलिमीटरवर सुया टोचून केलेली संपूर्ण ग्रंथीची नकाशा-बायोप्सी, अशा तिन्ही तपासण्या झाल्या. २०१७ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांनी मूत्ररोगतज्ज्ञांच्या जगात खळबळ उडवली. महत्त्वाचा, म्हणजे उपचाराची गरज पडेल असा, कर्करोग असलेल्यांपैकी एमआरआयने ९३ टक्के ओळखले, पारंपरिक बायोप्सीने फक्त ४८ टक्के. या प्रमाणाला संवेदनशीलता म्हणतात. असा रोग नसलेल्यांना निर्दोष ठरवण्याचे प्रमाण, म्हणजे विशिष्टता, एमआरआयची मात्र ४१ टक्केच होती आणि बायोप्सीची ९६. पुढच्याच वर्षी ‘प्रिसिजन’ या ५०० पुरुषांच्या यादृच्छिक चाचणीत, आधी एमआरआय करून फक्त संशयित जागी सुई टोचलेल्या गटात ३८ टक्के पुरुषांमध्ये महत्त्वाचा कर्करोग सापडला, पारंपरिक गटात २६ टक्क्यांमध्ये. आणि ज्याचे निदान न होणेच रुग्णाच्या हिताचे असा क्षुल्लक कर्करोग अनुक्रमे ९ आणि २२ टक्क्यांमध्ये. शिवाय एमआरआय गटातील २८ टक्के पुरुषांची बायोप्सीच टळली. वैद्यकातल्या एकाच तपासणीने दोन्ही बाजूंनी असा लाभ करून देणे विरळा. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ पासून बायोप्सीपूर्वी एमआरआयची शिफारस केली ती या पुराव्यांवरून.

आता शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णाकडे वळले की चित्र नेमके उलटते, आणि या संपूर्ण विषयातील कळीची गोष्ट लेखकाच्या मते हीच आहे. शल्यविशारदाला येथे वेगळा प्रश्न पडलेला असतो: गाठ ग्रंथीच्या आवरणात आहे की त्याबाहेर गेली आहे? आक्रमकतेची ही शारीरिक बाजू. २०१६ मध्ये ७५ अभ्यास आणि ९,७९६ रुग्ण एकत्र घेऊन केलेल्या विश्लेषणात, आवरणाबाहेरील पसारा ओळखण्यात एमआरआयची संवेदनशीलता ५७ टक्के आणि विशिष्टता ९१ टक्के आढळली. ग्रंथीमागच्या वीर्यकोशांत रोग शिरल्याचे ओळखण्यात अनुक्रमे ५८ आणि ९६ टक्के. म्हणजे जे यंत्र बायोप्सीपूर्वी ‘काही नाही’ म्हणाले तर बहुतांशी मानावे, तेच यंत्र शस्त्रक्रियेपूर्वी ‘बाहेर काही नाही’ म्हणाले तर मानू नये, कारण शंभर पसरलेल्या रोगांपैकी त्रेचाळीस त्याला दिसत नाहीत. उलट ‘बाहेर आहे’ असे ते म्हणाले तर ते गांभीर्याने घ्यावे. कारणही समजण्यासारखे आहे. आवरणाबाहेरचा पसारा पुष्कळदा मिलिमीटरच्या अंशात मोजण्याइतका सूक्ष्म असतो आणि प्रतिमेच्या एका कापाचीच जाडी तीन मिलिमीटर असते. जे कापातच मावत नाही ते वाचणार कसे? म्हणूनच क्ष-किरणतज्ज्ञ पसाऱ्याऐवजी त्याच्या खुणा शोधतात: गाठीचा आवरणाशी किती लांबीचा स्पर्श आहे, आवरण फुगलेले किंवा ओबडधोबड झाले आहे का, ग्रंथी आणि गुदाशय यांच्यातील कोन बुजला आहे का. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये ५५३ रुग्णांच्या अनुभवावरून याची सोपी श्रेणी बसवली. पंधरा मिलिमीटर किंवा अधिक वक्र स्पर्श अथवा आवरणाचा फुगवटा यांपैकी एकच खूण असेल तर पहिली, दोन्ही असतील तर दुसरी, आणि रोग उघडउघड बाहेर दिसत असेल तर तिसरी. काढलेल्या ग्रंथीत प्रत्यक्ष पसारा आढळण्याचे प्रमाण या तीन श्रेणींत २४, ३८ आणि ६६ टक्के होते. ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा निकाल देण्यापेक्षा असे शक्यतेचे प्रमाण सांगणारा अहवाल शल्यविशारदाच्या कितीतरी अधिक उपयोगाचा असतो.

या प्रमाणाचे करायचे काय, हे पाहण्यासाठी शस्त्रक्रियेचा एकच क्षण जवळून पाहणे पुरेसे आहे. प्रोस्टेटच्या दोन्ही अंगांना, मागच्या कोपऱ्यात, आवरणाला चिकटून मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांची एकेक जुडी खाली उतरते. लिंगाचा ताठरपणा तिच्यावर अवलंबून असतो. लेडनचे पीटर डोंकर यांच्याबरोबर केलेल्या विच्छेदनांतून तिचा मार्ग उकलल्यावर बाल्टिमोरच्या पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये ती वाचवून ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया जाणीवपूर्वक केली. जुडी वाचवायची तर शल्यविशारदाला आवरणाला अगदी लगटून कापावे लागते; तेथे रोग बाहेर आलेला असेल तर काढलेल्या ग्रंथीच्या कडेवर कर्कपेशी दिसतात, म्हणजे काही शरीरात मागे राहिल्या असण्याची भीती असते. जुडी काढून टाकली तर कड स्वच्छ मिळण्याची शक्यता वाढते आणि रुग्णाचे लैंगिक आयुष्य पणाला लागते. हा निर्णय डाव्या आणि उजव्या बाजूसाठी वेगवेगळा घ्यायचा असतो. लॉस एंजेलिसमध्ये १०४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात एमआरआय पाहिल्यावर २८ जणांच्या शस्त्रक्रियेचा बेत बदलला. त्यांपैकी १७ जणांत जुडी वाचवण्याच्या दिशेने आणि ११ जणांत ती काढण्याच्या दिशेने. एमआरआय म्हणजे केवळ अधिक कापाकापीचे निमित्त, हा समज यावरून दूर व्हावा. मात्र यादृच्छिक चाचणीचा निकाल अधिक रुक्ष आहे. ओस्लोमध्ये ४३८ रुग्णांपैकी एमआरआय झालेल्यांत १९ टक्क्यांच्या आणि न झालेल्यांत २३ टक्क्यांच्या कडेवर रोग आढळला, आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातील फरक सांख्यिकीदृष्ट्या नगण्य होता. बोटाच्या तपासणीत काहीच न लागलेल्या रुग्णांच्या उपगटात तो १६ विरुद्ध २७ टक्के असा ठळक होता. पण उपगटातील निष्कर्ष सावधपणेच वाचायचा असतो. जेथे साधने आहेत तेथे शस्त्रक्रिया चालू असतानाच कडेची ऊती गोठवून तपासण्याची पद्धत एमआरआयच्या या उणिवेवर मात करते, आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘न्यूरोसेफ प्रूफ’ चाचणीत तिने रुग्णांचा ताठरपणा अधिक चांगला राखल्याचे दिसले. याच प्रतिमांवरून आणखी एक साधी गोष्ट मोजता येते, ती म्हणजे ग्रंथीखालून स्नायूंच्या पडद्यातून जाणाऱ्या मूत्रमार्गाची लांबी. ती जितकी जास्त, तितका शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा लवकर परत येतो. अहवालांत ती क्वचितच लिहिलेली असते.

गाठीचा आकार हीसुद्धा आक्रमकतेची एक खूण, आणि येथे एमआरआय पद्धतशीरपणे कमी सांगतो. प्रतिमेत दिसते तो बहुधा गाठीचा दाट गाभा. विरळ होत गेलेल्या, निरोगी नलिकांमध्ये घुसलेल्या कडा दिसत नाहीत. केवळ गाठीपुरता उपचार करू पाहणारे म्हणूनच दिसणाऱ्या सीमेच्या भोवती सुमारे नऊ मिलिमीटरचा घेर धरण्याचा सल्ला देतात. काही गाठी तर संपूर्णच अदृश्य राहतात. लॉस एंजेलिसच्याच ५८८ रुग्णांच्या संपूर्ण ग्रंथींशी एकेक गाठ ताडून पाहिली, तेव्हा एमआरआयने सर्व गाठींपैकी ४५ टक्के, महत्त्वाच्या गाठींपैकी ६५ टक्के आणि तीव्र श्रेणीच्या गाठींपैकी सुमारे ८० टक्के ओळखल्या होत्या. जे दिसते ते अधिक धोकादायक असण्याकडे कल आहे, असा याचा अर्थ. जनुकीय अभ्यासांनीही याला काहीसा दुजोरा दिला आहे. एमआरआयमध्ये ठळक दिसणाऱ्या गाठींत जनुकीय अस्थैर्य आणि आक्रमकतेशी निगडित बदल अधिक आढळतात. पण कल म्हणजे नियम नव्हे. चाळणीसारखी रचना असलेला ४ क्रमांकाचा रोग हा रुग्णासाठी विशेष वाईट मानला जातो, आणि तो एमआरआयमध्ये कितपत दिसतो याबाबतचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत.

एमआरआयमुळे स्वतः मापदंडच हलला, ही बाब अनेक आढाव्यांतून निसटते. ग्लीसन गुणावर आधारलेले भवितव्याचे सारे तक्ते आंधळेपणाने टोचलेल्या सुयांच्या काळात तयार झाले. आज सुई गाठीच्या सर्वांत संशयास्पद गाभ्यात नेमकी जाते आणि तेथील ४ क्रमांकाची रचना उचलून आणते. त्याच रुग्णाची जुन्या पद्धतीने बायोप्सी झाली असती तर तो कदाचित ३+३ ठरला असता आणि तरीही सुखाने जगला असता. श्रेणी वर सरकली, रोग तोच राहिला. आजच्या ३+४ रुग्णाला कालच्या ३+४ रुग्णाचे धोक्याचे आकडे सांगणे म्हणजे त्याला विनाकारण शस्त्रक्रियेकडे ढकलणे आहे. एमआरआयने अतिनिदान कमी केले हे खरे, पण अतिउपचाराला त्याने मागचे दार उघडून दिले, हेही तितकेच खरे.

प्रतिमेचा दर्जा आणि ती वाचणारा डोळा यांवर इतके काही अवलंबून आहे, की वरचे बहुतेक आकडे नामांकित केंद्रांचे आहेत हे लक्षात ठेवावे लागते. २०२० मध्ये २६ केंद्रांतील अहवाल एकत्र पाहिले असता, पाय-रॅड्स ३ किंवा वरचा गुण मिळालेल्या जागी महत्त्वाचा कर्करोग निघण्याचे प्रमाण ३५ टक्के आणि ४ किंवा वरच्या जागी ४९ टक्के होते, पण केंद्रा-केंद्रांत ते कमालीचे वेगळे होते. गुदाशयात साठलेला वायू डिफ्युजन प्रतिमा वेडीवाकडी करतो, खुब्याच्या कृत्रिम सांध्यातील धातूही तेच करतो. बायोप्सीनंतर ग्रंथीत रक्त साकळून राहते आणि कर्करोगासारखेच काळे डाग निर्माण करते, म्हणून प्रसार पाहण्यासाठी एमआरआय करायचा असेल तर निदान सहा आठवडे थांबण्याचा सल्ला दिला जातो. भारतीय वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्षयरोगाने किंवा मूत्राशयाच्या कर्करोगासाठी मूत्राशयात दिलेल्या बीसीजीने प्रोस्टेटला येणारी दाहजन्य सूज डिफ्युजन प्रतिमेत हुबेहूब आक्रमक कर्करोगासारखी दिसू शकते, आणि एडीसीच्या कोणत्याही आकड्याने ती वेगळी काढता येत नाही. तेथे सुई आणि सूक्ष्मदर्शक यांना पर्याय नाही.

लसिकाग्रंथींबाबत फार लिहिण्यासारखे नाही. एमआरआय त्यांचा केवळ आकार पाहतो आणि रोग शिरलेल्या अनेक लसिकाग्रंथी आकाराने साध्याच असतात; २००८ मधील एका एकत्रित विश्लेषणात त्याची संवेदनशीलता ३९ टक्केच भरली. हे काम आता कर्कपेशींच्या पृष्ठभागावरील पीएसएमए प्रथिनाला चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य देऊन केलेल्या पेट तपासणीकडे गेले आहे. ऑस्ट्रेलियातील ३०२ रुग्णांच्या ‘प्रोपीएसएमए’ चाचणीत २०२० मध्ये तिची अचूकता ९२ टक्के आणि सीटी स्कॅन व हाडांच्या स्कॅनची मिळून ६५ टक्के आढळली. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने अतिधोक्याच्या २२४ रुग्णांवर केलेल्या किरणोपचारांच्या चाचणीतही बहुतेकांचा प्रसार हीच तपासणी करून ठरवण्यात आला होता.

नव्या तंत्रांत सर्वांत उपयोगी ठरणारे तंत्र कदाचित वजाबाकीचे आहे. गॅडोलिनियमचा टप्पा वगळून केवळ दोन प्रकारच्या प्रतिमांवर भागवता येईल का, हे तपासणाऱ्या ‘प्राइम’ या बारा देशांतील चाचणीत २०२५ मध्ये दिसले की दोन्ही पद्धतींनी महत्त्वाचा कर्करोग सापडण्याचे प्रमाण सारखेच, २९ टक्क्यांच्या आसपास, राहते. इंजेक्शन टळते, वेळ वाचतो आणि खर्चही उतरतो. मात्र या चाचणीत प्रतिमांचा दर्जा कसून सांभाळला होता, हे विसरून चालणार नाही. लंडनमधील ‘व्हर्डिक्ट’ पद्धत डिफ्युजनच्या संकेताचे पेशींच्या आतील, पेशींमधील आणि रक्तवाहिन्यांतील पाणी असे तुकडे पाडून ३ आणि ४ या रचनांमधला फरक एडीसीपेक्षा नेमका दाखवू पाहते. सॅन फ्रान्सिस्कोत अतिचुंबकित कार्बनयुक्त पायरुव्हेट शिरेतून देऊन कर्कपेशींचा चयापचय जिवंतपणी पाहण्याचा प्रयोग २०१३ मध्ये ३१ रुग्णांवर झाला. स्पेक्ट्रोस्कोपीची गत आठवली तर या दोहोंबाबत घाईने टाळ्या वाजवू नयेत. कृत्रिम बुद्धिमत्तेचे पाऊल अधिक पुढे आहे. ‘पाय-काय’ या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दहा हजारांहून अधिक एमआरआय वापरले गेले. ०.५ म्हणजे निव्वळ अंदाज आणि १ म्हणजे अचूक, अशा मापावर संगणकप्रणालीने ०.९१ आणि ६२ क्ष-किरणतज्ज्ञांनी सरासरी ०.८६ गुण मिळवले. पण प्रश्न विचारला होता तो महत्त्वाचा कर्करोग आहे का, एवढाच. आवरणाबाहेरचा पसारा आणि डाव्या-उजव्या जुडीचा निर्णय या परीक्षेत नव्हते.

या साऱ्याचा निवाडा असा, की एमआरआय आक्रमकता मोजत नाही, ती कोठे शोधावी हे सांगतो. आणि शस्त्रक्रियेपूर्वी त्याचा होकार वजनदार तर नकार हलका असतो. व्यवहारात यावरून करण्याजोगी सर्वांत स्वस्त सुधारणा क्रमाची आहे. जेथे अजूनही आधी बायोप्सी आणि मग, रक्त साकळलेल्या ग्रंथीचा, एमआरआय अशी रीत आहे, तेथे तो क्रम उलटा करावा. पीएसए वाढलेल्या रुग्णाने सुई टोचून घेण्याआधी ‘एमआरआय झाला आहे का’ हे डॉक्टरांना विचारावे, आणि शस्त्रक्रियेला जाताना नुसत्या छापील अहवालाबरोबर मूळ प्रतिमांची सीडीही सोबत न्यावी, कारण कोणत्या बाजूची जुडी वाचवायची हे शल्यविशारदाला त्या प्रतिमा स्वतः पाहूनच ठरवायचे असते.